अपघातानंतर अंगभर दुखणं: मानेसाठी कायरोप्रॅक्टरकडे जावं का?

मास्तरीण_समुद्रपूर
नमस्कार मंडळी. मी समुद्रपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, वय ४१. मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून येताना जाम चौरस्त्याच्या अलीकडे आमची गाडी उभी होती अन् मागून बोलेरोनं ठोकलं. रक्त नाही, फ्रॅक्चर नाही. मान आधी मागे अन् मग पुढे झोकली गेली, एवढंच. तीन आठवडे पट्टा लावला. मान सुधारायची सोडून दुखणं पसरत गेलं. आधी खांदे, मग पाठ, कंबर, आता तळपायसुद्धा. सकाळी उठते तर रात्रभर कोणी बदडल्यासारखं वाटते. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की हात खाली येतो. मुलांची नावं आठवत नाहीत, हे तर शाळेत कोणाला सांगितलंही नाही.

एमआरआयमध्ये मानेत थोडी झीज दिसली, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. तेव्हापासून सासूबाईंच्या लेखी मला काही झालेलंच नाही.

नागपूरच्या दिरांनी एका कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे हातानं झटका देऊन मणके-सांधे मोकळे करणाऱ्याचा, व्हिडिओ पाठवला. मानेला झटका देतात, कट्‌ आवाज येतो अन् माणूस हसत उठतो. दहा बैठकांचं पॅकेज, पैसे आधी. जाऊ का? कोणाला अनुभव आहे का?

पऱ्हाटीवाला
ताई, मले फायदा झाला. दोन बैठकीत उठून चालाले लागलो. पण माही कंबर होती, फवारणीचा पंप उचलताना धरली होती, मान नाही. अन् खरं सांगतो, आठ-दहा दिवसानं पुन्हा जशीच्या तशी. मंग त्यानंच व्यायाम सांगितला, त्यानं टिकलं.

कोरडवाहू
आमच्या गावात एक बुवा तेल लावून नस बसवते. पैसे घेत नाही, नारळ घेते.

हिंगणघाटचा_जावई
बुवाही नको अन् पॅकेजही नको. आमच्या मावसभावाची गोष्ट सांगतो. वय ३४, धडधाकट गडी. दाढी-कटिंग झाल्यावर सलूनवाल्यानं नेहमीसारखी मान मोडली, डावीकडे कट्‌, उजवीकडे कट्‌. संध्याकाळी मानेत मागून असह्य दुखणं, मग भोवळ, उलट्या, चालताना एका बाजूला झोक. घरच्यांना वाटलं ऊन लागलं, कांदा फोडून हुंगवत बसले. नागपूरला नेलं तेव्हा मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटल्याचं निघालं. तिथं गुठळी होऊन मेंदूला पक्षाघाताचा छोटा झटका बसला होता. वाचला, पण वर्ष झालं, अजून मोटारसायकल चालवत नाही. असं क्वचितच होते म्हणतात. पण आमच्या घरात झालं ना.

फिजिओ_वर्धा
मॅडम, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला न तपासता निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगते.

हातातून वस्तू पडणं, ब्लाऊजचे हूक लावताना बोटं अडखळणं, चालताना पाय अडकणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, वजन उतरणं, यातलं काही असेल तर इथं वाचत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

तसं काही नसेल तर तुमचं दुखणं आता नुसत्या मानेचं राहिलेलं नाही असं वाटतं. वावराला रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात ना? तारेला डुक्कर धडकलं की भोंगा वाजतो. पण मशीन बिघडून फार नाजूक झालं तर गवताची काडी टेकली तरी रात्रभर वाजत राहते. डुक्कर नसते, पण भोंगा खोटा नसतो, सगळं घर जागं असते. दुखापतीनंतर काही जणांच्या मज्जासंस्थेचं असंच होतं. एमआरआय तारेचे खांब दाखवतो, मशीन दाखवत नाही. मानेतली ती थोडी झीज तर काहीही न दुखणाऱ्या चाळिशीतल्या कित्येकांच्या रिपोर्टात निघते.

अंगभर दुखणं तीन महिन्यांहून जास्त, झोप होऊनही थकवा, विसरभोळेपणा, हे सगळं एकत्र आलं की डॉक्टर फायब्रोमायल्जियाचा विचार करतात. त्याची रक्ततपासणी नाही. १९९० च्या निकषांत अंगावरचे १८ बिंदू दाबून ११ दुखतात का पाहायचे, २०१० पासून ते बंधन गेलं. तरी थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व, ईएसआर (अंगात सूज आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या, कारण थायरॉईड कमी असलं तरी अंग असंच दुखतं.

आता कायरोप्रॅक्टिक. ही पद्धत १८९५ मध्ये अमेरिकेत निघाली. कट्‌ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो त्याचा असतो. नुसत्या मानदुखीत काहींना थोडे दिवस बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण अंगभर पसरलेलं दुखणं झटक्यानं जात नाही, आणि वर सांगितलेला रक्तवाहिनीचा धोका क्वचित असला तरी खरा आहे. अपघातात हिसका बसलेल्या मानेला मी तरी झटका देऊ देणार नाही. झटक्याविना, हलक्या हातानं सांधा मोकळा करता येतो. जो कोणी मानेला हात लावेल त्याला आधी विचारा, कुठं शिकलात. फिजिओ असेल तर राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. त्याला राग आला तर उठून या.

आणि आता पट्टा लावू नका. त्यानं मान आखडते.

मास्तरीण_समुद्रपूर
झटका मशीनचं वाचून रडू आलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण पाण्याचा गुंड त्यांनीच उचलला. म्हणजे हे मनाचं नाही ना? अन् दाखवू कुठं?

निंबाखाली
मनाचं नाही बाई. मला सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं गावच्या डॉक्टरच्या पुड्या खाल्ल्या. घेतल्या की पळायची, सोडल्या की खाटेवर. चेहरा सुजला, साखर वाढली, तेव्हा कळलं पुडीत स्टेरॉईड होतं. दुखण्याच्या गोळ्यांनीही पोटच जळलं.

मला सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत दाखवल्यावर नाव कळलं. तुम्हाला नागपूरपेक्षा सोयीचं पडेल. नागपूरलाच जायचं तर मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) किंवा मिहानच्या एम्सला जा. पेन क्लिनिक कुठल्या दिवशी असते ते आधी विचारून घ्या, नाहीतर रजा वाया. मला रात्रीची अमिट्रिप्टिलीन दिली, अगदी छोटा डोस. तोंड कोरडं पडते, पण सहा महिन्यांत पहिल्यांदा झोपले. कोणाला प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) देतात, ते मनानं एकदम बंद करू नका.

पण खरी चूक माझी दुसरीच होती. बरं वाटलं त्या दिवशी मी गोधड्या धुणार, शेवया करणार, वेचणीलाही जाणार, अन् मग चार दिवस पडून. आता दुखो की न दुखो, काम मोजूनच. चालणं पाच मिनिटांपासून सुरू केलं, तीन-चार दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. चांगल्या दिवशी थांबायला जास्त जड जाते.

मास्तरीण_समुद्रपूर
(अडीच महिन्यांनी) सेवाग्रामला जाऊन आले. थायरॉईड ठीक, ड जीवनसत्त्व फार कमी निघालं. निदान तुम्ही म्हणालात तेच. रात्रीची गोळी अन् मानेचे व्यायाम सुरू आहेत. दुखणं आहेच, पण झोप लागते. शाळेच्या मैदानाला सकाळी १४ मिनिटं फेऱ्या मारते, पोरं मोजतात. फळ्याचं लिहिणं सातवीच्या पोरींना वाटून दिलं. दीर रागावले आहेत, त्यांनी पॅकेजचा ॲडव्हान्स भरून ठेवला होता.

पऱ्हाटीवाला
त्या ॲडव्हान्सवर त्याईचीच कंबर दाखवाले सांगा. अन् फिजिओताई, सलूनात चंपी तरी करू का नाही आता?

फिजिओ_वर्धा
चंपी करा भाऊ. बसल्याबरोबर सांगायचं, मानेला हात नाही.