मदत हवी आहे: --डिलीट फॉल्स दिलं तरी फाइल्स उडतात

अर्धविराम:
कमांड लाइनवर चालणारं छोटं टूल आहे. --डिलीट फॉल्स असं स्पष्ट दिलं तरी आत ट्रूच पोचतं. काल तीन महिन्यांचे लॉग गेले. शिवाय --पोर्ट ९९९९९ दिला तरी कुणी हटकत नाही, सॉकेट (नेटवर्क जोडणी) उघडताना आपटतं. व्हॅल्यू नक्की तपासायच्या कुठे? उद्या द्यायचंय, लवकर सांगा.

गोफण:
गो भाषा दिसतेय. बूलियन, म्हणजे ट्रू-फॉल्सवाल्या फ्लॅगला (--डिलीटसारखा पर्याय) मध्ये बरोबरचं चिन्ह (=) लागतंच. जागा सोडलीत की फ्लॅग ट्रू होतो, फॉल्स सुटा आर्ग्युमेंट ठरतो आणि पुढचे फ्लॅग वाचलेच जात नाहीत.

अर्धविराम:
पायथन आहे हो. आर्गपार्स, कमांड लाइनवरचे पर्याय वाचणारं त्याचं मॉड्यूल.

तळटीप:
ती ओळ दाखवा. टाइप=बूल लिहिलंय का?

अर्धविराम:
हो. बूल हवं म्हणून बूल दिलं. चुकलं काय?

तळटीप:
कमांड लाइनवरून येतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. बूल तो शब्द वाचत नाही, स्ट्रिंग रिकामी आहे की नाही एवढंच बघतो. 'नो' दिलंत तरी ट्रू. ॲक्शन=स्टोअर_ट्रू करा, म्हणजे फ्लॅग दिसला की ट्रू, नाहीतर फॉल्स; व्हॅल्यू घेऊच नका.

जुनाखांब:
पायथनच्याच डिस्टयूटिल्समधलं स्ट्रटूबूल वापरा, ते शब्द वाचून ट्रू-फॉल्स ठरवतं. मी वर्षानुवर्षं वापरतोय.

तळटीप:
पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स काढून टाकलंय.

जुनाखांब:
आमच्याकडे ३.८ आहे, उत्तम चालतं.

तळटीप:
तुमच्याकडे. धागाकर्त्याची आवृत्ती विचारलीत का?

मोरपीस:
हेल्पचा मजकूर रंगीत करायचा असेल तर माझ्याकडे तयार कोड आहे, व्यनि करा.

गोफण:
पोर्टसाठी चॉइसेसमध्ये (चालणाऱ्या व्हॅल्यूंची यादी) १ ते ६५५३५ ची रेंज टाका, एका ओळीत काम.

वेलांटी:
नको! हेल्पमध्ये ६५५३५ आकडे छापले जातील. छोटं फंक्शन लिहा: इंट करा, हद्द बघा, बाहेर असेल तर आर्गपार्सचा आर्ग्युमेंटटाइपएरर फेका आणि ते फंक्शन टाइपला द्या. व्हॅल्यूएरर फेकलात तर नुसतं 'इनव्हॅलिड व्हॅल्यू' येतं, तुमचा संदेश गाळला जातो.

अर्धविराम:
३.१२ आहे. पोर्टचं झालं, ९९९९९ दिल्यावर एरर दाखवून स्टेटस २ ने बाहेर पडतं. स्टोअर_ट्रू पण केलं. आता रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) लावतो, त्यात जुनीच ओळ आहे.

वेलांटी:
जुनी म्हणजे --डिलीट फॉल्स वाली? त्यापुढे फोल्डरची नावं येतात का?

अर्धविराम:
हो, दोन-तीन फोल्डर. नार्ग्स प्लस आहे, म्हणजे एक किंवा जास्त नावं चालतात.

वेलांटी:
मग लावू नका! आता --डिलीट दिसलं की पुसायचं, एवढाच अर्थ उरलाय. फॉल्स हे आणखी एका फोल्डरचं नाव धरलं जाईल, एररही येणार नाही. आधी क्रॉनमधून दोन्ही शब्द काढा.

तळटीप:
बरोबर, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. शिवाय प्रत्येक फोल्डर खरंच आहे का, ते पुसायच्या आधी तपासा. एक जरी नसेल तर कशालाच हात न लावता थांबा.

अर्धविराम:
क्रॉन बंद केला. फाइल उघडली आहे, ओळ बदलतोय.