मॉडेल रेल्वेच्या मोठ्या स्वॅप मीटमध्ये वेळ कसा आखावा? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी,

मुंबईत मॉडेल रेल्वेचा छंद जोपासणाऱ्यांपैकी अनेकांचे मुलांकडे किंवा कामानिमित्त अमेरिका-युरोपात जाणे होते. तो मुक्काम एखाद्या मोठ्या स्वॅप मीटच्या, म्हणजे छंदाच्या जुन्या-नव्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या मेळाव्याच्या, तारखांशी जुळला, तर वर्षानुवर्षे मनात असलेले इंजिन हाती लागू शकते. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनच्या पूर्व विभागाची मीट एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भरते आणि ती कित्येक सभागृहांत पसरलेली असते. मॅसॅच्युसेट्समधील वेस्ट स्प्रिंगफील्डचे प्रदर्शन जानेवारीअखेरच्या शनिवार-रविवारी चार इमारतींत भरते आणि तेथे विक्रीच्या टेबलांबरोबर चालते लेआउटही (रूळ, स्थानके आणि धावत्या गाड्यांचे मांडलेले देखावे) असतात. एका टेबलापाशी दोनच मिनिटे थांबायचे म्हटले तरी तीनशे टेबलांना दहा तास लागतात, आणि जुन्या मालाच्या टेबलापाशी दोन मिनिटांत काहीच पाहून होत नाही. सगळे पाहायचे हा विचार म्हणूनच आधी सोडावा लागतो.

माझे मत असे की, वेळेचा आराखडा सभागृहाच्या नकाशावरून न करता हव्या असलेल्या वस्तूवरून करावा. दुर्मीळ वस्तू हवी असेल तर पहिला तास तिलाच द्यावा. सर्वत्र मिळणारे डबे, रूळ किंवा इमारतींचे किट हवे असतील तर ते दुपारनंतर घेतले तरी चालते, कारण आवराआवरीच्या वेळी विक्रेता माल परत बांधून नेण्यापेक्षा भाव उतरवणे पसंत करतो. मी स्वतः वेस्ट स्प्रिंगफील्डला गेलो तेव्हा पहिला फेरफटका काहीही न घेता मारला, जेथे थांबावेसे वाटले त्या टेबलाचा क्रमांक आणि भावाच्या चिठ्ठीचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेतले, चहाच्या वेळी बसून यादी लावली आणि मगच खरेदीला लागलो. लेआउट पाहण्यासाठी रविवारची सकाळ राखून ठेवली होती. तेव्हा गर्दी कमी असते आणि चालवणाऱ्यांना बोलायला सवड असते.

आपण अशा मीटला गेला असाल तर वेळ कसा वाटून घेतला, ते सविस्तर लिहावे.

कल्याणहून

माझे वडील मध्य रेल्वेत होते. 1920च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबई-पुणे मार्गाच्या घाटात मालगाड्या ओढणाऱ्या विजेच्या इंजिनांना त्यांच्या वेळचे सगळे कर्मचारी ‘खेकडा’ म्हणत. ती इंजिने स्विस धर्तीची होती आणि स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड मार्गावरच्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनाशी त्यांचे नाते उघड दिसते. आपल्या खेकड्याचे तयार मॉडेल मला कोठेच मिळाले नाही, म्हणून निदान स्विस भावंड तरी घरी असावे अशी इच्छा होती. जर्मनीत कामासाठी राहत असताना तेथील रविवारच्या मॉडेल रेल्वे बाजारात मी याच एका गोष्टीसाठी गेलो.

येथे धागाकर्त्यांशी माझे थोडे मतभेद आहेत. एकच वस्तू शोधणाऱ्याने फेरफटका मारून परत येण्याचा विचार करू नये. दार उघडण्यापूर्वी रांगेत उभे राहावे, आत जाताच फक्त त्या आकाराकडे नजर ठेवून रांगेमागून रांग पार करावी आणि वस्तू दिसली की तेथेच थांबून ती पूर्ण तपासावी. तपासण्याचा वेळ आराखड्यात मोजलाच पाहिजे. मेर्कलिन या जर्मन कंपनीची एचओ (1:87 प्रमाणातली) इंजिने तीन रुळांच्या पद्धतीची असतात, वीज मधल्या संपर्कबिंदूंतून घेतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये विद्युतरोध नसतो. ती आपल्या दोन रुळांच्या लेआउटवर ठेवली की सरळ शॉर्ट सर्किट होते. मी खिशात छोटा मल्टिमीटर ठेवला होता. डाव्या आणि उजव्या चाकाला टोके लावली आणि तो वाजला, की इंजिन तीन रुळांचे. त्या टेबलावर दोन क्रोकोडाइल शेजारी शेजारी होते आणि नुसत्या डोळ्यांना ते सारखेच दिसत होते. मल्टिमीटर ज्याच्यावर वाजला नाही, ते मी घेतले. त्यानंतर चाचणीच्या रुळावर रांग होती, तेथे बराच वेळ गेला, पण तो वाया गेला असे मी म्हणणार नाही.

विलेपार्ल्याहून

मी नेरळ-माथेरान मार्गाचे मॉडेल करते. तो मार्ग 1907 मध्ये सुरू झाला आणि त्याचे दोन फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, 610 मिलिमीटरचे आहे. मी 1:76 या प्रमाणात काम करते आणि रूळ 9 मिलिमीटरचे वापरते, म्हणजे एचओहून लहान असलेल्या एन स्केलचेच. हिशेबाने गेज थोडे रुंद पडते, पण एन स्केलची यंत्रणा वापरता येते, ही मोठी सोय आहे.

त्यामुळे माझी यादी दोन वेगळ्या प्रकारच्या टेबलांत विभागलेली असते. इंजिनाचा खालचा सांगाडा एन स्केलच्या टेबलांवर मिळतो. ही टेबले अमेरिकेतल्या मीटमध्ये एचओच्या मानाने थोडी असतात आणि चांगल्या चालीचे सांगाडे लवकर संपतात, म्हणून सकाळ त्यांची. दुपार मी टेबलाखालच्या खोक्यांसाठी ठेवते. वर मांडलेला माल सगळे पाहतात; खाली मात्र सुटी चाके, जिने, खिडक्यांच्या चौकटी, अर्धवट जोडलेली घरे अशी सरमिसळ असते आणि तेथे जमिनीवर बसून शोधावे लागते. एका खोक्यात मला पत्र्याच्या पन्हाळीसारखे दिसणारे प्लास्टिकचे तुकडे मिळाले. याच मार्गावरच्या अमन लॉज स्थानकाच्या छपरासाठी मला तसेच काहीतरी हवे होते. अशा खोक्याला घाईच्या वेळी हातच लावू नये. विक्रेताही दुपारी मोकळा असतो आणि मूठभर वस्तूंचा एकत्र भाव सांगतो.

सोबत नातू असल्यामुळे एक गोष्ट पाळावी लागली. जेवण बारा वाजण्यापूर्वी उरकायचे आणि सगळे रांगेत असतील तेव्हा टेबले पाहायची. लहान मुले बरोबर नसली तरी हे करून पाहावे.

मुलुंडहून

यॉर्कविषयी लिहितो, कारण तेथील वेळापत्रक इतरांपेक्षा निराळे आहे. ती मीट गुरुवार ते शनिवार असते, आणि शनिवार हा सुटीचा दिवस म्हणून त्याच दिवशी जाणाऱ्यांची निराशा होते; बरेच विक्रेते त्याआधीच सामान आवरायला लागलेले असतात. गुरुवारी दार उघडताना तेथे असणे आवश्यक आहे. शिवाय मीटच्या आधीच्या दिवसांत आसपास अनौपचारिक विक्री चालते आणि जाणकार मंडळी तेथेच बरेच काही उचलतात. ऑरेंज हॉलमध्ये व्यापारी आणि उत्पादक असतात. नवा माल पाहायचा असेल तर तेथे जावे. मात्र लायनेल या अमेरिकी कंपनीच्या जुन्या गाड्यांसाठी आलेल्या माणसाने ते सभागृह शेवटी ठेवावे, कारण नवा माल पुढेही मिळेल, जुना एकदाच दिसतो. प्रवेशाचे नियम जाण्यापूर्वी पाहून घ्यावेत, दारात उभे राहून ते समजून घेण्यात सकाळ जाते.

मुंबईकरांना आणखी एक सांगावेसे वाटते. जुने वजनदार ट्रान्सफॉर्मर फार देखणे असतात आणि त्यांच्यापाशी वेळ सहज जातो. ते 120 व्होल्टसाठी बनवलेले असतात, आपल्या 230 व्होल्टला थेट जोडले तर जळतील, आणि विमानाच्या सामानातले कित्येक किलो त्यातच संपतील. तीच गोष्ट पितळी रुळांच्या गठ्ठ्यांची. अशी टेबले सरळ ओलांडून पुढे जावे आणि तो वेळ इंजिनांना द्यावा.

ठाण्याहून

माझे थोडक्यात. घर लहान, म्हणून एन स्केल. मला मुंबई लोकलसारखी गाडी करायची आहे, त्यासाठी जपानी उपनगरी गाड्यांचे डबे शोधतो. त्या 1:150 प्रमाणात असतात, अमेरिकी एन स्केल 1:160. आपले 1676 मिलिमीटरचे गेज 9 मिलिमीटरच्या रुळावर नेमके बसणार नाही हे गृहीत धरले आहे, त्यामुळे मी फक्त डब्याची ठेवण, दारे आणि खिडक्या पाहतो. शोध इतका नेमका असल्याने माझे टेबलांचे काम लवकर संपते आणि उरलेला दिवस लेआउट चालवणाऱ्या क्लबांना देता येतो. वळणांची त्रिज्या, लेआउटचे तुकडे जोडण्याची पद्धत, तारांची मांडणी हे सगळे ते आनंदाने दाखवतात. लेआउटच्या खाली वाकून पाहू द्यावे, अशी विनंती मात्र आपण करावी लागते.

धागाकर्ता

कल्याणकरांचा मुद्दा मान्य आहे. आधी फेरफटका की लगेच खरेदी, हे वस्तू किती दुर्मीळ आहे यावरच ठरावे. चाचणीच्या रुळाबाबत एक भर घालतो. एचओच्या काही जुन्या डिझेल इंजिनांत आसावरचा प्लास्टिकचा गियर कालांतराने चिरतो आणि इंजिन चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक ‘टक् टक्’ असा आवाज करीत किंचित अडखळते. सभागृहाच्या गोंगाटात तो आवाज ऐकू येत नाही, म्हणून इंजिन अगदी सावकाश चालवावे आणि त्याच्यावर बोट हलकेच टेकवावे, धक्का बोटाला जाणवतो. गियर बदलता येतो, त्यामुळे इंजिन टाकाऊ ठरत नाही, पण भाव करताना ही गोष्ट विक्रेत्यासमोर ठेवता येते. या तपासणीला चाचणीच्या रुळाची रांग धरून अर्धा तास लागतो, आणि संध्याकाळी रुळ लवकर बंद होतो.

युरोपातल्या किंवा जपानमधल्या बाजारांना गेलेल्यांनी तेथील वेळा आणि पद्धती अवश्य लिहाव्यात.