डिसेंबर 1927 : महाडचा सत्याग्रह थांबवला, ते चुकलं का?

सावित्रीकाठ
दर 20 मार्चला महाडला जातो. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मार्चबद्दल सगळे बोलतात, पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच तळ्याशी जे झालं त्याबद्दल घरात बोलणं निघालं की आमचे वडील अजून गप्प होतात. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केलं. कागदावर. पुढे तीन वर्षं अस्पृश्यांपैकी कोणाची त्या पाण्याला हात लावायची हिंमत झाली नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, मागून हजारोंनी भरली. लगेच देवळात शिरणार अशी आवई उठवून जेवायला बसलेल्या माणसांवर काठ्या चालवल्या, आणि नंतर पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

मग डिसेंबरात दुसरी परिषद. आमचे पणजोबा खेडकडून पायी आले होते. सत्याग्रहाला तयार असलेल्यांची नावं लिहून घेत होते, त्यात त्यांनी आपलं नाव घातलं. पण विरोधकांनी 12 तारखेलाच दावा लावला होता की तळं खाजगी आहे, आणि 14 तारखेला कोर्टाची तात्पुरती मनाई आली होती. शेवटी बाबासाहेबांनी लोकांना समजावलं. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परत फिरली. पाण्याला कोणी शिवलं नाही.

हायकोर्टाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. पणजोबा 1934 च्या पावसात गेले.

माझं मत स्पष्ट आहे. थांबायला नको होतं. हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. तो क्षण पुन्हा आला नाही.

कोर्टाची_पायरी
दादा, तुमच्या पणजोबांना नमस्कार. पण मला हे पटत नाही. अलिबागला चाळीस वर्षं वकिली केली, त्या नजरेने सांगतो.

मार्चमध्ये समोर गावगुंड होते, सरकारचा ठराव आपल्या बाजूला होता. डिसेंबरात समोर कोर्टाचा हुकूम होता. तो मोडला असता तर भांडण सनातन्यांशी राहिलंच नसतं, ते सरकारशी झालं असतं, आणि सनातन्यांना तेच हवं होतं. शिवाय आपली सगळी मागणीच अशी की कायद्याने दिलेला हक्क वापरू द्या. तीच माणसं कायदा मोडून उभी राहिली असती, तर दाव्यात बोलायला तोंड उरलं असतं का? बाबासाहेब त्या दाव्यात स्वतः प्रतिवादी होते. त्या मांडवात पलटणीतून निवृत्त झालेले कितीतरी पेन्शनर होते. मार्चमध्ये डोकी फुटली तेव्हासुद्धा त्यांना बाबासाहेबांनी हात उगारू दिला नव्हता. तीच शिस्त डिसेंबरात दिसली.

बाणकोटची_लेक
काका, मनाई फेब्रुवारी 1928 मध्येच उठली होती. मग पुढची नऊ वर्षं कशासाठी?

आणि निकालात तरी काय आहे? अस्पृश्यता अन्याय्य आहे असं हायकोर्टाने म्हटलेलं नाही. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही, एवढंच. म्हणजे कोणाकडे जुने कागद असते तर आपण हरलो असतो! ही तांत्रिक जीत आहे. तिच्यासाठी दहा वर्षं माणसांनी गावातला बहिष्कार सोसला.

कोर्टाची_पायरी
ताई, तांत्रिक आहे हे कबूल. पण खालच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत सनातनी पक्ष एकदाही जिंकला नाही, हेही लिहा. पैसा, वतन, ओळखी सगळं त्यांच्याकडे होतं. त्या काळी महारा-चांभारांनी कोर्टात उभं राहून ब्राह्मण-गुजर वादींना हरवणं ही काय साधी गोष्ट?

उखळ_मुसळ
तुम्ही दोघं पाण्यावरच अडून बसलात. त्या परिषदेतली 25 डिसेंबरची संध्याकाळ कोणी काढलीच नाही. गंगाधर सहस्रबुद्ध्यांनी ठराव मांडला आणि मनुस्मृती जाळली. ती अडवायला कोर्टाची मनाई नव्हती. मांडवाला हिंदू मालकांनी जागा नाकारली, फत्तेखानांनी दिली, हेही लक्षात असू द्या.

मला मात्र बायकांबद्दल सांगायचं आहे. बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलले. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि हातभर जड गोट ही तुमची ओळख करून ठेवली आहे, ती टाका, म्हणाले. माझी पणजी दापोलीकडची. परत आल्यावर तिने लुगडं घोट्यापर्यंत सोडलं. पहिल्या दिवशी चिखलात काठ भिजला, शेतातून येताना दोनदा अडखळली, सासू ओरडली. तरी पुन्हा वर खोचलं नाही. गावातल्या खोताच्या घरच्यांनी हटकलं तेव्हा ती नुसती उभी राहिली. ही गोष्ट आजीने मला भात पाखडताना सांगितली, सूप तसंच हातात ठेवून.

तळ्यापाशी थांबले म्हणून काहीच झालं नाही, असं म्हणू नका.

बाणकोटची_लेक
हे मी ऐकलं नव्हतं. पण ताई, लुगडं तिच्या हातात होतं. विहीर गावाच्या हातात होती. माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आमच्या वाडीत नळ आला तोही सगळ्यात शेवटी, टाकीपासून सगळ्यात लांब. एप्रिलमध्ये त्याला पाणी चढायचं नाही. त्यामुळे सावित्रीकाठ यांचा राग मला समजतो.

सावित्रीकाठ
सगळ्यांचं वाचलं. वकीलकाकांचा मुद्दा पटतो, पोटात मात्र उतरत नाही.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. मार्चच्या परिषदेला पिण्याचं पाणीसुद्धा चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं होतं. डिसेंबरातली पणजोबांची आठवण आजोबा सांगायचे ती एवढीच, की वळसा घालताना तळं उजव्या हाताला होतं, घसा कोरडा पडला होता, आणि पुढचा माणूस सारखा पाण्याकडे बघत होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते चालत राहिले.

माझं मत अजून तेच आहे. उखळ_मुसळ ताई, तुमच्या आजींना विचाराल का, खेडकडची आणखी कोणी माणसं त्यांच्या आईसोबत होती का? आमच्याकडे फक्त एकच नाव आहे.