मदत हवी आहे: घरात चित्त्याचं जुनं कातडं निघालंय, त्यातल्या डीएनएवरून खरंच काही करता येतं का?

माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथं वन्यजीववाले, बायोटेकवाले, वकील सगळेच वावरतात म्हणून विचारतेय.

माहेरचं घर कोल्हापुरात, जुन्या पेठेत. ते पाडून नवं बांधायचं ठरल्यामुळे माळ्यावरचं सामान खाली आलं, आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत गुंडाळलेलं कातडं निघालं. माझे पणजोबा संस्थानच्या चित्तेखान्यात कामाला होते हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीतून माळावर न्यायचं, काळवीट टप्प्यात आलं की टोपी काढून सोडायचं, हे सगळं आजीच्या तोंडून ऐकलेलं. तिच्या सांगण्याप्रमाणे पणजोबांच्या हाताखालचा एक चित्ता आजारी पडून मेला आणि त्याचं कातडं दरबाराकडून त्यांना मिळालं. कागद मात्र अजून सापडलेला नाही.

घरात तीन मतं आहेत. आई म्हणते, वास मारतंय, टाकून द्या. धाकट्या काकांच्या ओळखीच्या एकाला ते त्याच्या रिसॉर्टच्या भिंतीवर हवंय, पैसेही बरे देतोय. आणि बायोटेक शिकणारा भाचा हट्टाला पेटलाय की हे लॅबला पाठवायचं. अमेरिकेत हजारो वर्षांपूर्वी संपलेला लांडगा परत आणला, मग आपला चित्ता तर कालपरवाचा, असं त्याचं म्हणणं.

तर भाच्याच्या बोलण्यात कितपत तथ्य आहे? असलंच तर कुणाकडे जायचं? आणि हे घरात ठेवणं कायद्यात बसतं का? रिसॉर्टवाला रविवारी येतो म्हणतोय.

रंकाळ्याचा बगळा

ताई, फोटो इथं टाकू नका म्हणजे झालं. बाकी जाणकार सांगतीलच.

काळाकोट

रिसॉर्टवाल्याला आजच फोन करून नाही म्हणून सांगा. चित्ता असो वा बिबट्या, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विकणं गुन्हा, विकत घेणंही गुन्हा. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान 3 वर्षं, कमाल 7. काकांना हा आकडा वाचून दाखवा.

ठेवण्याबद्दल: अशा वस्तूला मुख्य वन्यजीव रक्षकांचं मालकी प्रमाणपत्र लागतं. वारसाहक्काने आलेली वस्तू ठेवता येते, पण ती ताब्यात आल्यापासून 90 दिवसांत तसं जाहीर करावं लागतं. 2003 साली जुन्या अघोषित वस्तूंसाठी 180 दिवसांची सवलतही दिली होती. आजोबांनी तेव्हा किंवा त्याआधी काही केलं होतं का ते बघा. जुन्या घरांत असे कागद सातबारा आणि विम्याच्या फायलीत निघतात, ट्रंकेत नाही.

कागद मिळाला तर प्रश्नच नाही. नाही मिळाला तर एखादा वकील गाठा आणि कोल्हापूरच्या वनविभागात स्वतःहून लेखी कळवा. आपण होऊन सांगणं आणि बांधकामावरच्या कुणीतरी टीप दिल्यावर सापडणं यात फार फरक पडतो. आणि आईंचं ऐकून कचऱ्यात टाकू नका, त्याने भानगड वाढेल.

पेशीवाला

आधी एक काळजीची सूचना. त्या काळात कातडी टिकवायला आर्सेनिक सर्रास वापरत. उघड्या हाताने हाताळू नका, झटकू नका, लहान मुलांना लांब ठेवा. हातमोजे आणि मास्क घाला, नंतर साबणाने हात धुवा.

आता भाच्याचा मुद्दा. क्लोनिंग (पेशीवरून तोच प्राणी पुन्हा घडवणं) आणि जनुक-संपादन (डीएनएत हवे तिथं बदल करणं) या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि बातम्यांत दोन्हींची खिचडी होते.

क्लोनिंगला अख्खी, शाबूत केंद्रक असलेली पेशी लागते. स्पेनमधल्या बुकार्डो या रानबकऱ्याचं उदाहरण घ्या. शेवटची मादी, सीलिया, जानेवारी 2000 मध्ये मेली. पण ती जिवंत असतानाच तिच्या कातडीचा तुकडा घेऊन द्रव नायट्रोजनमध्ये ठेवला होता. त्यातल्या पेशीचं केंद्रक बकरीच्या अंड्यात घालून 2003 साली पिल्लू जन्माला आलं. नामशेष झालेला प्राणी परत जन्मल्याची ती पहिली वेळ. फुप्फुसात दोष होता, काही मिनिटांत ते गेलं. जिवंतपणी पेशी गोठवून ठेवलेल्या असताना ही कथा.

तुमच्या ट्रंकेतल्या कातड्यात जिवंत पेशी एकही नाही. भाजलेल्या शेंगा पेरून वेल येत नाही. शेंग बघून जात मात्र ओळखता येते. वाचण्याजोगे डीएनएचे तुकडे त्यात अजून असू शकतात. 1984 साली क्वागा या नामशेष झेब्र्याच्या सुमारे 140 वर्षं जुन्या, संग्रहालयातल्या कातड्यातून डीएनए वाचला गेला, तेव्हापासून हे शास्त्र सुरू झालं. पण उष्णता आणि दमट हवा हे डीएनएचे वैरी. न्यूझीलंडमधल्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरचा 2012 चा अभ्यास सांगतो की 13 अंशांच्या आसपास डीएनएचे निम्मे बंध तुटायला 521 वर्षं लागतात. तुमचा माळा एप्रिलमध्ये 13 अंशांवर नसतो.

दुसरी वाट म्हणजे तो लांडगा. अमेरिकेतल्या कोलोसल कंपनीने एप्रिल 2025 मध्ये डायर वुल्फ परत आणल्याचं जाहीर केलं. 13,000 वर्षं जुना दात आणि 72,000 वर्षं जुनी कवटी यांतून जनुकक्रम वाचला, मग आजच्या करड्या लांडग्याच्या पेशीत 14 जनुकांमध्ये 20 बदल केले आणि कुत्रीच्या पोटी पिल्लं वाढवली. काम अवघड आणि कौतुकास्पद आहे. पण जन्मलं ते 20 ठिकाणी दुरुस्त केलेलं करड्या लांडग्याचं पिल्लू. त्याला डायर वुल्फ म्हणायला बरेच शास्त्रज्ञ तयार नाहीत, आणि माझंही मत तेच आहे. अंगावर पांढरी लोकर आली म्हणजे प्राणी परत आला असं होत नाही.

चित्त्याच्या बाबतीत तर टेस्टट्यूब पद्धतीचे पहिले बछडेच 2020 साली अमेरिकेतल्या कोलंबस प्राणिसंग्रहालयात जन्मले. आधी ती पायरी पक्की व्हायला हवी.

भारतात हा विचार कुणी केलाच नाही असं मात्र नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संशोधन संस्थेत, डॉ. लालजी सिंग संचालक असतानाच्या काळात, आशियाई चित्त्याच्या, म्हणजे आपल्याकडे होता त्याच चित्त्याच्या, क्लोनिंगची योजना होती. जिवंत आशियाई चित्ते उरलेत फक्त इराणात, तेही मोजके. इराणने ना जनावर दिलं ना पेशी. योजना तिथंच थांबली. नमुना द्यायचाच झाला तर सीसीएमबीचीच लाकोन्स ही वन्यजीव प्रयोगशाळा किंवा देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, पण वनविभागाच्या परवानगीने आणि त्यांच्याच मार्फत. भाच्याला सांगा, कॉलेजच्या लॅबमध्ये कात्री लावायची नाही. उघड्यावर कापलं तर चित्त्यापेक्षा भाच्याचाच डीएनए जास्त मिळेल.

जुनी कागदं

सगळे डीएनएवर घसरले, पण हा चित्ता कुठला हे कुणी विचारलंच नाही.

चित्त्याला बंदिवासात पिल्लं होत नसत, ही राजेरजवाड्यांची जुनी डोकेदुखी. जहांगीराच्या काळात एकदा बछडे झाल्याची नोंद आहे, त्यानंतर थेट 1956 साली फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. म्हणजे शिकारखान्यातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला. शतकानुशतकं असं धरत गेल्यावर आणि माळ नांगराखाली गेल्यावर इथले चित्ते मिळेनासे झाले, मग संस्थानिकांनी आफ्रिकेकडे मोर्चा वळवला. 1918 ते 1945 या काळात निदान 200 आफ्रिकन चित्ते भारतात आणले गेले, आणि मागवणाऱ्यांत भावनगरबरोबर आपलं कोल्हापूर ठळक आहे.

म्हणून पणजोबांचा काळ महत्त्वाचा. शाहू महाराजांच्या कारकिर्दीतले (1894 ते 1922) असतील, तर कातडं हिंदुस्थानी चित्त्याचं असायला बरीच जागा आहे. राजाराम महाराजांच्या काळातलं (1922 ते 1940) असेल, तर ते केनियाकडचं निघण्याचीच शक्यता जास्त. तसं झालं तर भाचा ज्या प्राण्याला परत आणायला निघालाय त्याचे भाऊबंद 2022 पासून मध्य प्रदेशातल्या कुनोत फिरतायत!

चित्तेखान्याच्या खर्चाच्या आणि नोकरांच्या नोंदी संस्थानच्या दप्तरात असू शकतात. बहुतेक मोडीत असतील, वाचणारा सोबत न्या. पुरालेखागारात पणजोबांचं नाव आणि हुद्दा मिळाला तर तुमच्या अर्जालाही वजन येईल.

दाजीपूरकर

ताई, मी काय लॅबवाला न्हाई, पर गव्याचं सांगतो. आमच्या राधानगरी-दाजीपूरच्या रानातला जो गवा, त्याचं क्लोन अमेरिकेत 2001 सालीच झालंय. साध्या गाईच्या पोटी गव्याचं वासरू, नाव नोहा. दोन दिवसांत हगवणीनं गेलं. हितं गवं ऊसात शिरत्यात म्हणून आमी रात्री राखण करतोय, आन् तिकडं एका वासरापायी एवढी खटपट!

चित्ता आणशीला, पर सोडणार कुठं? काळवीट कुठं हाय? माळ हुता तिथं ऊस आला, न्हाईतर एमआयडीसी आली. कुनोत 2022-23 ला 20 आणलं, नामिबियाचं 8 आन् दक्षिण आफ्रिकेचं 12, पर त्या रानातनं आधी गावं उठवावी लागली हुती.

गवताळ

दाजीपूरकरांशी सहमत, पण पूर्ण नाही. माळ नाही म्हणून तंत्र निरुपयोगी असं मला वाटत नाही. ते वापरायचं कुणासाठी, हा प्रश्न आहे.

अमेरिकेत काळ्या पायाचं फेरेट म्हणून मुंगसाएवढं जनावर आहे. आज असलेली सगळी फेरेटं अवघ्या 7 पूर्वजांची प्रजा, त्यामुळे रक्त सगळं एकच. 1988 साली मेलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशी सॅन दिएगोत गोठवून ठेवल्या होत्या. त्यातून 2020 च्या डिसेंबरमध्ये एलिझाबेथ ॲन जन्मली, पुढे विलाचीच आणखी क्लोन झाली आणि त्यातल्या अँटोनियाला 2024 मध्ये पिल्लंही झाली. मेलेल्या मादीचं हरवलेलं रक्त कळपात परत आलं. हा मला खरा उपयोग वाटतो.

आपल्याकडे असा प्राणी कोण? सोलापुरातल्या नान्नजचा माळढोक पक्षी. देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत. ऑक्टोबर 2024 मध्ये जैसलमेरच्या केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पहिलं पिल्लू जन्मलं, त्यात क्लोनिंग नाही की संपादन नाही. जिवंत माळढोकांच्या पेशी आज गोठवणं हे कातड्यातून चित्ता काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. विजेच्या तारांना धडकून ते मरतात, ते मात्र कुठल्याच लॅबने थांबणार नाही.

माहेरवाशीण

सगळ्यांचे मनापासून आभार. रिसॉर्टवाल्याला नाही सांगितलं. काका दोन दिवस बोलत नव्हते, मग शिक्षेचा आकडा वाचल्यावर बोलायला लागले.

भाच्याला धागा दाखवला. क्लोनिंगचा हट्ट त्याने सोडला, पण आता म्हणतो की आफ्रिकन की आशियाई एवढं तरी कळायला हवं. त्यासाठी केवढा तुकडा लागेल? आणि हे बिबट्याचं नाही ना, हे आधी आपल्याला ओळखता येईल का?

पेशीवाला

ओळखणं सोपं आहे. बिबट्याचे ठिपके म्हणजे काळ्या कड्यांची फुलं, मधे पिवळसर जागा. चित्त्याचे भरीव, गोल, सुटे ठिपके. तोंडाचा भाग शिल्लक असेल तर डोळ्यापासून ओठाकडे उतरणारी काळी रेघ बघा, ती फक्त चित्त्याला असते.

तुकडा नखाएवढाही पुरतो, पण कुठून घ्यायचा ते त्यांनाच ठरवू द्या. बहुधा आधी मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, डीएनए बघतील. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून जुन्या मालात तोच टिकून राहण्याची शक्यता जास्त, आणि आफ्रिका की आशिया एवढं ठरवायला तो पुरतो. हे काम फालतू समजू नका. भारतात चित्ता 1952 साली नामशेष जाहीर झाला, आणि कुठून आला हे माहीत असलेली जुनी कातडी फार थोडी आहेत. पणजोबांच्या नोकरीची नोंद सापडली तर तुमच्या कातड्याचं मोल शास्त्रज्ञांच्या लेखी दुप्पट होईल.

माहेरवाशीण

रेघ आहे! एका बाजूची पुसट झालीय, दुसरी स्पष्ट दिसते. ठिपकेही भरीव. आई आता टाका म्हणत नाही, उलट शेजारणींना बोलावून दाखवत होती, तिला थांबवलं.

आजोबांच्या फायलींत प्रमाणपत्र मिळालं नाही. वकील बघितलेत, सोमवारी वनविभागात अर्ज देतोय. शेवटची शंका: अर्जात वर्णन काय लिहू? सरळ 'चित्त्याचं कातडं' लिहिलं आणि उद्या दुसरंच काही निघालं तर?

काळाकोट

'ठिपके असलेले जुने कातडे, कुटुंबातील माहितीनुसार चित्त्याचे, पणजोबांकडून वारसाने आलेले' असं लिहा. लांबी-रुंदी टाका, कुठल्या खोलीत ठेवलंय ते टाका. शास्त्रीय तपासणीसाठी नमुना घ्यायला हरकत नाही, हे शेवटी एका ओळीत जोडा. दोन प्रती करा आणि आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.