फॉर्म ९ भरला, फॉर्म १८ कुठाय?

स्टाफरूम_कोपरा
इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतोय, सोळावं वर्ष. यंदा आमच्या विभागाला सात पेटंटं मिळाली म्हणून गेटवर फ्लेक्स लागलाय. मिळालं एकही नाही, सातही नुसती ‘पब्लिश’ झालीत. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून फीची सवलत आहे, ऑनलाइन अर्ज १६०० रुपयांत होतो. वर २५०० टाकून फॉर्म ९ दिला की अठरा महिने थांबायला नको, महिनाभरात पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये अर्ज छापून येतो, त्यालाच ‘पब्लिश’ म्हणायचं. खरी तपासणी फॉर्म १८ भरून मागावी लागते, तिचे ४०००. ती कोण मागतंय? मूल्यांकनाच्या फायलीला छापलेला कागद पुरतो. मुदत उलटली की अर्ज मेला. एकेका अर्जावर आठ नावं आहेत. त्यातल्या कुणालाही गाठून शोध कशाचा लावलात विचारा, गंमत बघा.
पोरांना नव्या कल्पना, स्टार्टअपकडे वळवायला कॉलेजात काढलेल्या इनोव्हेशन सेलचंही तेच. तिमाहीचं कॅलेंडर, व्याख्यान, जिओटॅग (म्हणजे जागेची नोंद असलेला) फोटो, अपलोड. पोरांना उद्योजक करायचंय ना? मग आधी ही मोजणी बंद करा.

बुधवार_पेठ_रिटर्न
सर, नाही पटलं. आमच्या वेळी सेल नव्हता, मोजणी नव्हती. काय होतं? अर्ध्या वर्गाने फायनल इयरचं प्रोजेक्ट रेडिमेड आणलं, मीही. व्हायवाच्या आदल्या रात्री वायर सुटली तर दुकानदाराला फोन!
धाकट्या भावाने कांदाचाळीत दमटपणा वाढला की मोबाइलवर कळवणारं यंत्र केलं. त्याला हॅकेथॉनला नेणाऱ्या सरांना फोटो हवा होता, याला प्रवासखर्च. दोघांचं भागलं. आज अकरा चाळींत ते यंत्र बसवलंय.

स्टाफरूम_कोपरा
भावाचं मनापासून कौतुक. पण कांदा सडताना त्याने घरी पाहिला होता, सेलमध्ये नाही.

बुधवार_पेठ_रिटर्न
घरी आमच्या आजोबांनीही पाहिला होता. यंत्र नाही झालं.

सीएचबी_वाली
दोघांचंही अर्धंच बरोबर. केंद्राचं २०१९ चं धोरण वाचलंय का कुणी? स्टार्टअपसाठी प्राध्यापकाला रजा देता येते, विद्यार्थ्याला प्रोजेक्टऐवजी स्वतःचा स्टार्टअप दाखवता येतो, सोयीसुविधांच्या बदल्यात संस्थेला २ ते ९.५ टक्के हिस्सा घेता येतो असंही आहे. छान आहे सगळं. मी तासिका तत्त्वावर, मला रजा कसली? कायम असलेल्या मैत्रिणीने विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, तुमचे तास कोण घेणार?” मोजणी राहू द्या, पण किती जणांना रजा दिली तेही मोजा.

पवई_प्रेमी
एवढी निराशा कशाला? आयआयटी मुंबईतलं ‘साइन’, नव्या कंपन्यांना जागा आणि आधार देणारं केंद्र, २००४ पासून चालू आहे. ड्रोनवाली आयडियाफोर्ज तिथेच वाढली.

स्टाफरूम_कोपरा
ती कंपनी २००७ ची, शेअर बाजारात आली २०२३ ला. सोळा वर्षं धीर धरला. आमच्याकडे तिमाहीत निकाल लागतो. शिवाय पवईचा दाखला तालुक्याच्या कॉलेजाला देणं म्हणजे... असो.

नट_बोल्ट
माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. पोरं ब्रॅकेटची ड्रॉइंग घेऊन येतात, “काका, पाचच नग करून द्या.” कॉलेजात लेथ नाही का विचारलं तर म्हणतात, आहे, पण पाचला कुलूप. मशीन डेडस्टॉकला, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या रजिस्टरला, चढलेलं, काही मोडलं तर भरपाई अटेंडंटच्या माथी. तो बिचारा चावी कशाला देईल? मागे एकाने बोअरला, म्हणजे भोकाला, टॉलरन्सच (माप किती कमी-जास्त चालेल ते) दिला नव्हता. मी मुद्दाम तसाच कापला, बेअरिंग बसेना. तासभर घासत बसला होता कानस घेऊन. परत आला तेव्हा ड्रॉइंगवर टॉलरन्स होता.

स्टाफरूम_कोपरा
चावीचं मान्य. आमच्याकडेही तेच कुलूप आहे, आणि रजिस्टरवर सही माझी.

नट_बोल्ट
मग सर, गुरुवारी इथे सुट्टी असते, मशीन रिकामं. तीन-चार पोरं पाठवा. तुमचा तो जिओटॅग फोटोही काढून घ्या, पण जाताना मशीनखालचा कीस झाडून जायचं.