स्कॉटलंडमधले पूर्वज शोधतेय, 1841 आणि 1851 च्या सेन्ससमधलं वय जुळेना

क्लाइडकाठची:
नमस्कार मंडळी. नवरा स्कॉटिश, सासऱ्यांना मरायच्या आत घराण्याचं मूळ गाव बघायचंय (त्यांचेच शब्द) आणि घरात चिकाटीची म्हणून मीच प्रसिद्ध, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलंय. नवऱ्याच्या खापरपणजोबांचे वडील डोनाल्ड मॅकलाउड, इथपर्यंत आलेय. 1851 ला ते ग्लासगोत, वय 32, जन्मस्थळ नुसतं "स्काय, इन्व्हर्नेसशायर", पॅरिशचं (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावभागाचं) नाव नाही. 1841 ला स्काय बेटावर एक डोनाल्ड मिळतो पण त्याचं वय 20, मग दहा वर्षांत 32 कसा झाला? 1881 ला आहेत, 1891 ला बायको एकटी, विधवा. दोन मुलं माहिती आहेत, एक 1857 चा आणि एक 1862 चा. बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरात काहीच हाती लागत नाही आणि स्कॉटलंड्सपीपलवर (जुन्या नोंदींची सरकारी साइट) पैसे देऊन घेतलेले क्रेडिट पाण्यासारखे चाललेत. हाच माणूस धरू का सोडू?

जुनीवही:
वयाचं टेन्शन घेऊ नका. 1841 च्या सेन्ससमध्ये पंधराच्या वरच्या माणसाचं वय खालच्या पाचाच्या पाढ्यात आणून लिहायची सूचना होती, म्हणजे 20 लिहिलंय तो 20 ते 24 मधला कुणीही असू शकतो. गणना 6 जूनची, म्हणजे जन्म 1816 ते 1821. 1851 च्या 32 वरून येतो 1818-19. बसतं की आत! पण बसलं म्हणजे तोच असं नाही हां, स्कायवर दगड मारला तर डोनाल्ड मॅकलाउडलाच लागेल. त्यात 1841 ला घरातल्यांचं एकमेकांशी नातं लिहिलेलंच नाही, शेजारी झोपलेली म्हातारी आई आहे का आत्या ते कळत नाही.

तुम्ही उलटीकडून सुरुवात केलीय असं मला वाटतं. पॅरिश रजिस्टर सगळ्यात शेवटी. 1 जानेवारी 1855 पासून स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी सक्तीची झाली आणि तिथल्या मृत्यूच्या नोंदीत आई-वडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. इंग्लंडच्या जुन्या दाखल्यात हे मिळत नाही. तुमचे डोनाल्डराव 1881 ते 1891 मध्ये गेले, मग आधी तीच नोंद काढा. फक्त माहिती कोणी दिली ते बघा, मुलाने दिली असेल तर ठीक, जावयाने दिली असेल तर सासऱ्याच्या आईचं माहेर त्याला कुठून ठाऊक असणार.

आणि मुलांपैकी 1857 वाल्याच्या जन्मनोंदीवर आत्ता पैसे घालू नका, 1862 वाल्याची घ्या. 1855 ला जन्मनोंदीत इतकं काही विचारलं होतं की लिहिणारे दमले, मग 1856 ते 1860 आई-वडिलांच्या लग्नाची तारीख आणि जागा गाळली, 1861 पासून परत आली. लग्न कुठल्या पॅरिशमध्ये झालं ते कळलं की अर्धं काम झालं.

बेटावरचा:
वरच्यांशी सहमत. बाप्तिस्मा न मिळण्याचं कारण बहुतेक हेच की ती नोंद कधी झालीच नाही. जुनी पॅरिश रजिस्टरं 1553 पासून म्हणतात खरं, पण 1553 हे पर्थशायरमधल्या एका एरॉल पॅरिशचं, स्कायच्या बऱ्याच पॅरिशची वही 1800 नंतर उघडलीय आणि त्यातही मधेमधे भोकं. शिवाय ही रजिस्टरं चर्च ऑफ स्कॉटलंडची, कॅथलिकांची वेगळी. 1843 ला चर्च फुटून फ्री चर्च निघालं, हायलँड्समधली (स्कॉटलंडचा उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ भाग, स्काय त्यातच) गावंच्या गावं तिकडे गेली, त्यामुळे डोनाल्डरावांच्या पुतण्या-भाच्यांचे बाप्तिस्मे जुन्या वहीत शोधत बसाल तर हात हलवत परत याल.

ग्लासगोत डोनाल्डचा डॅनियल पण व्हायचा, तेही टाकून बघा. आडनावाला मॅक, एम-सी, नुसता एम आणि वर स्वल्पविरामासारखी खूण, सगळं चालतं, वाइल्डकार्ड (अक्षरांच्या जागी * सारखी खूण) वापरा.

तिरकस:
एकच सांगतो, दुसऱ्यांनी टाकलेले फॅमिली ट्री उचलू नका. एकाने मनाने बाप जोडला की पन्नास जण कॉपी मारतात आणि मग तेच "पुरावा" म्हणून फिरतं.

बाकी 1846 ला हायलँड्समध्ये बटाटा सडला आणि उपासमार झाली, 1841 ला बेटावर आणि 1851 ला ग्लासगोत हे त्यात चपखल बसतं. असा माणूस कधीतरी हलाखीत सापडला असेल तर ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत पुअर लॉचे (गरिबांना मदत देण्याच्या कायद्याखालचे) अर्ज आहेत, 1851 पासूनचे. मदतीचा खर्च कुठल्या पॅरिशच्या बोडक्यावर टाकायचा हे ठरवायला इन्स्पेक्टर जन्मगाव, आई-बाप, बायकापोरं सगळं खोदून विचारायचा. गरिबाचा इतका तपशील कुठल्या चर्चने ठेवला नाही. विधवा बायकोच्या नावाने पण बघा.

क्लाइडकाठची:
बाप रे, 1862 चं तर डोक्यातच आलं नसतं. तीच आणि मृत्यूची नोंद काढते. पण त्या दहा वर्षांत ग्लासगोत मेलेले डोनाल्ड मॅकलाउड ढीगभर निघाले तर? प्रत्येकाची इमेज उघडायची म्हणजे दर वेळी दीड पौंड.

जुनीवही:
इंडेक्स फुकट दिसतो, त्यात वय आणि रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्ट (नोंदणी झाली तो भाग) असतं, 1881 च्या पत्त्याच्या आसपासचा डिस्ट्रिक्ट आणि साठ-सत्तरचं वय घेतलंत की बरेच गळतील. तरी अडलं तर बायकोकडून जा. स्कॉटलंडमध्ये बाईचा मृत्यू माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांखाली इंडेक्समध्ये असतो, माहेरचं आडनाव 1862 च्या नोंदीत मिळेलच, दोन्ही टाकून जुळवलं की ती पटकन सापडते आणि तिच्या नोंदीत नवऱ्याचं नाव-धंदा असतो. धंदा कळला की बाकीचे डोनाल्ड आपोआप बाजूला. आणि इमेजच्या मार्जिनमध्ये दुरुस्तीची खूण दिसली तर ती पण उघडा, अपघाती मृत्यू असेल तर चौकशीत काय निघालं ते तिथे लिहिलेलं असतं.