प्रतिसाद: सोरोरिटी म्हणजे फक्त पार्ट्या?

वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकन कॉलेजांतल्या सोरोरिटी (विद्यार्थिनींच्या संघटना) म्हणजे पैसेवाल्या मुलींचे पार्टीचे अड्डे. काही ठिकाणी तसं असेलही. पण वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातली 'डेल्टा सिग्मा थीटा' ही सोरोरिटी विसरून चालणार नाही.

१३ जानेवारी १९१३ रोजी २२ कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ती स्थापन केली. त्या आधी 'अल्फा कप्पा अल्फा' या तिथल्याच दुसऱ्या सोरोरिटीत होत्या; त्यांना समाजकारणात आणखी पुढे यायचं होतं. आणि दोन महिनेही झाले नव्हते, तोवर ३ मार्चला या पोरी वॉशिंग्टनच्या रस्त्यावर, स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात! कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावं असा दबाव होता, बघ्यांची गर्दी अंगावर येत होती, तरी डेल्टाचा फलक घेऊन त्या चालल्या. विशी-बाविशीतल्या मुली हो! हे वाचताना मला आजही भरून येतं.

पुढे अमेरिकन संसदेत गेलेल्या शर्ली चिझम, बार्बरा जॉर्डन याच संघटनेच्या. डोरोथी हाइट १९४७ ते १९५६ तिच्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या आणि नंतर चाळीस वर्षं त्यांनी निग्रो स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेचं नेतृत्व केलं.

अशा सोरोरिटीत एकोणीस वर्षांची मुलगी कॉलेजातल्या शाखेची खजिनदार होते, वर्गणीचा हिशोब सगळ्यांसमोर मांडते, पुढच्या वर्षी निवडणूक लढवून अध्यक्ष होते. सभा चालवायची, विरोध ऐकून घ्यायचा, ठराव मंजूर करून घ्यायचा, हे सगळं तिथंच अंगवळणी पडतं. आपल्याकडे मुलींच्या वसतिगृहांत एवढी सत्ता मुलींच्या हाती किती ठिकाणी देतात?